दिवाळं निघालं की काढलं?

या महिन्याच्या टपालात देण्याघेण्याच्या शब्दांबद्दलचीच पत्रं जास्त आली. मार्च नुकताच संपलाय, सोसायट्यांची कर्जवसुली झाली, आखाजी म्हणजे अक्षय तृतीया तोंडावर आहे. आपल्याकडे हा हिशेबाचाच हंगाम, त्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही. पहिल्या पत्राला मोठं उत्तर द्यावं लागलं. बाकीची त्यामानाने लहान आहेत.

प्रश्न : पारोळ्यात आमचं आजोबांपासूनचं किराणा दुकान आहे. उधारीची वही अजून चालते. मागे एका जुन्या गिऱ्हाइकाबद्दल बोलताना मी म्हणालो, ‘त्यानं दिवाळं काढलं.’ दुकानात बसलेले एक गुरुजी लगेच म्हणाले, ‘काढलं म्हणू नका, निघालं म्हणा.’ या दोन्हींत फरक तो काय? पैसे तर माझेच गेले. आणि ‘दिवाळं’ हा शब्द दिवाळीवरून आला का? सणासुदीला आई हा शब्द तोंडातून काढू देत नाही. अशा माणसाला ‘बुडव्या’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर : भाऊ, गुरुजी बरोबर बोलले, आणि त्यांनी वेळेवर टोकलं याचा मला आनंद झाला. फरक मोठा आहे. तो कसा, ते सांगण्याआधी शब्दाचं मूळ पाहू.

दिवाळं आणि दिवाळी या दोन्हींत दिवा आहे, पण दोघांची वाट वेगळी. दिवाळी म्हणजे दीपावली, दिव्यांची ओळ. दिवाळ्यातला दिवा एकटा आणि तोही दिवसाढवळ्या लावलेला. जुन्या व्यापाऱ्यांची रीत अशी सांगतात, आणि कोशांतही शब्दाचा धागा तिथंच जोडलेला आहे, की ज्याच्याकडे द्यायला काही उरलं नाही असा पेढीवाला आपल्या गादीखालचं टाट, म्हणजे गोणपाट, उलटं करायचा आणि त्यावर भर दिवसा चार वातींचा दिवा लावून ठेवायचा. येणारा-जाणारा पाहायचा आणि समजायचा, या पेढीत आता काही नाही. हिंदीत ‘टाट उलटणे’ हा वाक्प्रचार दिवाळं निघण्याच्या अर्थानेच वापरतात. इटलीतले सराफ बाजारात बाकड्यावर बसून पैशांची अदलाबदल करायचे. त्या बाकड्याला ते ‘बांका’ म्हणत. आजची आपली ‘बँक’ त्यातूनच आली, आणि ‘बँकरप्ट’ हा इंग्रजी शब्द ‘बांका रोत्ता’, म्हणजे मोडलेलं बाकडं, यातून आला. तिकडे बाकडं मोडलं, इकडे टाट उलटलं.

मला या रीतीत एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. दिवा लावणारा माणूस पळून जात नव्हता. तो स्वतः सगळ्या बाजाराला सांगत होता की माझ्याकडे नाही. ज्याला तोंड चुकवायचंय तो दिवा कशाला लावेल? म्हणजे या शब्दाच्या मुळाशी लबाडी नाही, जाहीर कबुली आहे.

शब्द जुना आहे याला पुरावाही पक्का आहे. तुकोबा म्हणतात, ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली ॥’ इथं क्रियापद पाहा, ‘निघालें’. तुकोबांच्या घरी सावकारी होती, दुकान होतं. 1630च्या सुमाराचा दुष्काळ आला आणि सगळं बसलं. तो दुष्काळ आपल्या खानदेशानंही भोगला. शहाजहान बादशहाचा मुक्काम तेव्हा बऱ्हाणपुरात होता आणि उपाशी माणसांसाठी तिथं लंगर उघडावे लागले होते. अशा वेळी पेढी बसली तर तिचं दिवाळं निघालं. पाऊस पडला नाही, कुळांकडून वसूल आला नाही, घरात माणसं गेली. यात कोणी काही ‘काढलं’ नाही.

‘काढलं’ कधी म्हणायचं? माल दुसऱ्याच्या नावावर केला, दागिने बायकोच्या माहेरी पोचवले, रोकड हलवली आणि मग हात वर केले, तेव्हा. मराठीनं एकाच नामाला दोन क्रियापदं देऊन माणूस पारखायची सोय करून ठेवली आहे. आपण ती वापरत नाही, आणि त्यात गरिबाचं नुकसान होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

‘बुडव्या’चंही असंच. पैसे बुडतात आणि पैसे बुडवले जातात. आपल्या अहिराणीत ‘पैसा बुडी ग्यात’ आणि ‘पैसा बुडाई टाकात’ ही दोन वाक्यं कोणी एक मानणार नाही. पहिल्यात कर्ता नाही, आरोपही नाही. दुसऱ्यात आहे. ‘बुडव्या’ या दुसऱ्या क्रियेतून निघालेला शब्द. जुन्या बोलण्यात तो एकटा फारसा येत नसे. कुळबुडव्या, धर्मबुडव्या असा जोडीने यायचा आणि ती फार जड शिवी होती. तिच्यात घराण्याचं नाव पाण्यात घालणारा माणूस होता. करबुडवा, कर्जबुडवा हे नंतर वर्तमानपत्रांनी रुळवले, आणि रुळवताना त्यातला ‘जाणूनबुजून’ हा भाग पुसट झाला. आता तीन हप्ते चुकले तरी माणूस बुडव्या.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, अमळनेरच्या बाजारात एका आडतीच्या दुकानावर दिवाणजी होते. कापूस, भुईमूग, ज्वारी यांची आडत. शाळा सुटली की मी दुकानात जाऊन तक्क्याला टेकून अभ्यास करायची, त्यामुळे रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, आणि खतावणी, म्हणजे खात्यांची वही, मी पाटी-पुस्तकाइतकीच पाहिली. लाल कापडाच्या बांधणीच्या वह्या, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. कोणाच्या खात्यापुढे काय शेरा लिहायचा हे शेटजी सांगायचे, पण शब्द नानांचा असायचा. एक ‘येणे’ आणि एक ‘बुडीत’. 1972च्या दुष्काळात तालुक्यातल्या विहिरी आटल्या. कुळं दुष्काळी कामांच्या खडीवर गेली. नानांनी त्या वर्षी एकाही कुळापुढे ‘बुडीत’ लिहिलं नाही. सगळी खाती ‘येणे’त ओढली. शेटजींनी विचारलं तेव्हा नाना म्हणाले, ‘तो येऊन सांगून गेलाय.’ नानांची कसोटी एवढीच होती. माणूस दुकानात येतो का? पायरीवर बसून ‘यंदा जमत नाही’ म्हणतो का? की बाजाराच्या दिवशी आपलं दुकान दिसलं की गल्ली बदलतो? गल्ली बदलणाऱ्याकडे पैसे असले तरी त्याच्यापुढे ‘बुडीत’ लिहायला नाना मागेपुढे पाहत नसत. दुष्काळातल्या त्या खात्यांपैकी काही पुढे कितीतरी वर्षांनी मिटली. एका कुळाचा मुलगा वडील वारल्यावर आखाजीला आला आणि वडिलांच्या नावावरची बाकी देऊन गेला. व्याज नानांनी शेटजींना विचारून सोडलं.

आखाजीच का, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. खानदेशात अक्षय तृतीया हा सासुरवाशिणींचा आणि पितरांचा सण आहेच, पण सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीनं राबणाऱ्या शेतगड्याचं, साल जुन्या रीतीनं या दिवशी संपतं आणि नवं ठरतं. त्यामुळे देणं-घेणं मोकळं करायचा तो दिवस. सालदार उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतो, वर्षभर काम करून ती फेडतो. उचल फिटली नाही तर पुढच्या सालात ओढली जाते. बापाची उचल फेडायला मुलगा सालाला राहिल्याची उदाहरणं माझ्या वर्गात बसलेली होती. त्या मुलांना गावात ‘बुडव्याचा पोरगा’ म्हटलेलं मी ऐकलंय. वास्तविक बुडत तेच होते.

‘दिवाळखोर’ या शब्दाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगते. ‘खोर’ म्हणजे फारसीत खाणारा. मराठीत तो सवय दाखवतो. भांडखोर, चुगलीखोर, लाचखोर. म्हणजे दिवाळखोर हा शब्द नीट ऐकला तर त्यात सवयीचा, स्वभावाचा आरोप आहे. ज्याच्या कपाशीवर बोंडअळी आली किंवा ज्याची केळी वादळात आडवी झाली, त्याला मी दिवाळखोर म्हणणार नाही. यावल-रावेरकडची उभी बाग एका संध्याकाळच्या वाऱ्यात जमिनीवर येते. वर्षभराचा खर्च घडांत असतो. त्या माणसाची बाकी थकते. ‘थकबाकी’ हा शब्द मला त्याच्यासाठी बरा वाटतो, कारण मराठीत येणंही थकतं आणि माणूसही.

म्हणून भाऊ, तुमच्या गिऱ्हाइकाला काय म्हणायचं हे मी इथून ठरवू शकत नाही. तो दुकानावरून जाताना तुमच्याकडे पाहतो का, हे तुम्हालाच माहीत. पाहत असेल तर ‘येणे’ लिहा.

आईंचा नियम मात्र मोडू नका. सणाच्या दिवशी दुकानात हा शब्द न काढण्याची चाल सगळ्या पेठांत आहे. दिवा मालवला न म्हणता वाढवला म्हणतो, कुंकू पुसलं न म्हणता वाढवलं म्हणतो, त्याच घरातली ही रीत.

प्रश्न : चाळीसगावजवळच्या आमच्या गावच्या शाळेतून आजोबांच्या शिक्षणाचा जुना उतारा काढला. फीच्या रकान्यात त्यांच्या नावापुढे ‘नादार’ लिहिलं आहे. माझे दीर म्हणाले, नादार म्हणजे दिवाळखोर, कोर्टात नादारी घेतात तोच. आजोबा तेव्हा सातवीत होते! सातवीतल्या मुलानं कोणाचं काय बुडवलं असेल? मनाला लागलं म्हणून लिहिते.

उत्तर : ताई, मनाला लावून घेऊ नका. हा उतारा जपून ठेवा.

‘नादार’ फारसीतून आलेला शब्द आहे. ‘दार’ म्हणजे बाळगणारा, ज्याच्याकडे काही आहे तो. जमीनदार, दुकानदार, सालदार यांतला तोच. ‘ना’ लागला की ज्याच्याकडे नाही तो. एवढाच अर्थ. आपल्या शाळांत गरीब मुलाची फी माफ व्हायची तिला ‘नादारी’ म्हणत. ‘नादारीवर शिकला’ असं त्या पिढीतली माणसं अभिमानानं सांगायची. नादारी मागावी लागायची, अर्ज करावा लागायचा, आणि पुष्कळ शाळांत ती टिकवायला पास व्हावं लागायचं. तुमच्या आजोबांच्या नावापुढचा तो शब्द म्हणजे घरात पैसा नसताना मुलगा शाळेत टिकला याची नोंद आहे.

दीर म्हणतात तो अर्थही खोटा नाही, कारण कोर्टानं हाच शब्द घेतला. कोर्ट फी भरायची ऐपत नसलेल्याला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 33व्या आदेशाखाली फी न भरता दावा लावता येतो. त्याला मराठीत नादारीचा दावा म्हणत आले आहेत. कर्ज फेडता येत नाही असं कोर्टात जाहीर करणं हीदेखील नादारी. 2016च्या केंद्राच्या कायद्याला मराठीत नादारी व दिवाळखोरी संहिता म्हणतात, तिथंही हा शब्द आहे. तिन्ही ठिकाणी सांगितलं जातं ते एकच, की याच्याकडे नाही. ‘देत नाही’ असं हा शब्द कुठेच म्हणत नाही.

न्यायालयानंही हा भेद एकदा फार नेमका मांडला आहे. 1980 साली सर्वोच्च न्यायालयात जॉली जॉर्ज वर्गीस यांचं प्रकरण आलं. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी ऋणकोला दिवाणी तुरुंगात घालायचं का, हा प्रश्न होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की नुसते पैसे दिले नाहीत म्हणून माणसाला तुरुंगात टाकता येत नाही. त्याच्याजवळ ऐपत असून तो हेतुपूर्वक टाळतोय हे दिसलं पाहिजे. गरिबी हा गुन्हा नाही, हे त्या निकालाचं सार. शाळेच्या उताऱ्यावरचा शब्द लिहिणाऱ्या त्या जुन्या हेडमास्तरांना हेच ठाऊक होतं.

प्रश्न : मी शिरपूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंग्रजीत पैसे न देता पळणाऱ्याला ‘वेल्शर’ म्हणतात असं वाचलं. मी तो शब्द एका सादरीकरणात वापरला, तर मॅडमनी नंतर बाजूला घेऊन सांगितलं की हा शब्द टाळावा, वेल्स प्रांतातल्या लोकांना तो लागतो. मराठीत असा प्रकार आहे का?

उत्तर : तुमच्या मॅडमना माझा नमस्कार सांगा.

‘वेल्श करणे’ हा शब्दप्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडच्या घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानावर दिसू लागला. पैजेचे पैसे गोळा करायचे आणि जिंकणाऱ्याला द्यायची वेळ आली की मैदानातून नाहीसं व्हायचं, असं करणाऱ्या पैजवाल्याला ‘वेल्शर’ म्हणू लागले. पुढे कुठलंही देणं चुकवणाऱ्याला. शब्द नक्की कशावरून पडला यावर इंग्रजी कोशकारांचं एकमत नाही, पण वेल्स प्रांताचं नाव त्यात ऐकू येतं आणि तिथल्या लोकांनी त्यावर आक्षेप घेतला आहे. शेजारच्या बलवान लोकांनी दुबळ्या शेजाऱ्याच्या नावाचा दुर्गुण करावा, ही गोष्ट जगात सगळीकडे घडली आहे.

मराठीत आहे का? आहे, आणि तुमच्या-माझ्या रोजच्या तोंडात आहे. ‘भामटा’. उसने घेऊन गुंगारा देणाऱ्याला, खोटी भिशी काढून पळणाऱ्याला आपण सहज भामटा म्हणतो. बातम्यांचे मथळे या शब्दाशिवाय होत नाहीत. पण महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत राजपूत भामटा ही जमात आहे. त्यात शिकलेली, नोकरी करणारी, शेती करणारी माणसं आहेत. 1871 साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे देशभरातल्या कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. मूल जन्मलं की नोंद, हजेरी, गाव सोडायला परवानगी. तो कायदा 1952 साली गेला म्हणून त्या जमातींना ‘विमुक्त’ म्हणतात. कायदा गेला, शब्द आपल्या तोंडात राहिला. माझ्या वर्गात एका मुलानं जातीच्या दाखल्याचा कागद घडी घालून, नाव आत दडवून माझ्या टेबलावर ठेवला होता. त्यानंतर मी हा शब्द शिवी म्हणून वापरला नाही आणि वर्गात कोणाला वापरू दिला नाही.

खानदेशात याची आणखी एक बाजू आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा आदिवासी सावकाराच्या कर्जखतावर अंगठा द्यायचा. खतात काय लिहिलंय हे त्याला वाचता येत नसे. देणं फिटलं नाही की तो ‘बुडव्या’ ठरायचा आणि जमीन जायची. शहादा-तळोदा भागात 1970 नंतरच्या वर्षांत आदिवासी पुढारी अंबरसिंग महाराज आणि त्यांच्यासोबतच्या कार्यकर्त्यांनी या गेलेल्या जमिनींचा प्रश्न उभा केला. गावोगावच्या सभांमधून माणसं जुने कागद घेऊन उठली. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा महाराष्ट्राचा कायदा 1974चा आहे. कागद वाचले तेव्हा कळलं की कोणी कोणाचं बुडवलं होतं. म्हणून अशा शब्दाशी कोणत्या जमातीचं नाव जोडलेलं दिसलं की मी आधी विचारते, वही कोणाच्या हातात होती?

मग तुमच्या सादरीकरणात काय वापरायचं? ‘ऐपत असून देणं चुकवणारा’ म्हणा. लांब आहे, पण कोणाच्या घरादाराला लागत नाही.

प्रश्न : आमचं गाव धरणगाव. तहसीलसमोर आम्ही कापसाच्या भावासाठी धरणे धरतो. एका जुन्या माणसानं सांगितलं की पूर्वी सावकार धरणे धरायचा! खरं का?

उत्तर : अगदी खरं. धरणे हे मूळचं धनकोचं हत्यार. देणं मिळेना की तो स्वतः किंवा त्याचा माणूस ऋणकोच्या दारात बसायचा. दार धरून बसायचं म्हणून धरणे. बसणारा जेवायचा नाही. रीत अशी की तो उपाशी असेतोवर घरातल्यानंही जेवायचं नाही. बसणारा ब्राह्मण असला तर तो दारात मेल्यास पाप लागेल ही धास्ती वेगळी. पेशवाईत लष्कराचा पगार थकला की शिपाई सरदाराच्या तंबूपुढे बसायचे, तेही धरणेच. थोरले बाजीराव यांच्यासारखा माणूसदेखील सावकारांच्या तगाद्यानं जेरीस आला होता. आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या पत्रांत त्यानं कर्जाचं दुःख मोकळेपणानं लिहिलं आहे. थोरल्या माधवरावांनी 1772 साली मरणापूर्वी जी कलमं लिहून ठेवली त्यांत कर्ज फेडण्याचं कलम आहे. राज्य चालवणारी माणसंही येणेकऱ्याला दबून होती.

इंग्रजी अंमलात हे बंद करायचे प्रयत्न झाले. 1860च्या भारतीय दंड संहितेत कलम 508 होतं. दैवी कोपाची भीती घालून एखाद्याकडून काही करवून घेणं हा त्यात गुन्हा आहे, आणि त्याखाली दिलेलं उदाहरण धरण्याचंच आहे. ‘धरणा’ हा देशी शब्द तिथं इंग्रजी मजकुरात तसाच ठेवला आहे.

नंतर शब्दानं बाजू बदलली, ही मला या साऱ्यातली मोठी गोष्ट वाटते. ज्याचं येणं आहे तो बसतो, हे तेच राहिलं. पण आता बसणारा शेतकरी आहे, आणि ज्याच्या दारात तो बसतो ते सरकार आहे. तुम्ही कापसाच्या भावासाठी तहसीलसमोर बसता तेव्हा ‘आमचं येणं आहे’ असं म्हणत असता. हक्कानं म्हणा, शब्द तुमच्या बाजूनं आहे.

प्रश्न : जळगावातल्या आमच्या कट्ट्यावर वाद झाला. पैसे न देणारा तो ‘चारसोबीस’. पण आता ते कलमच राहिलं नाही म्हणतात. मग आता काय म्हणायचं?

उत्तर : 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि जुन्या कलम 420चा मजकूर कलम 318च्या चौथ्या पोटकलमात गेला. शिक्षा सात वर्षांपर्यंत, पूर्वीसारखीच. पण ‘तीनशे अठरा’ म्हणून कोणी कोणाला हाक मारेल असं वाटत नाही. चारसोबीस आता कायद्याच्या आधारावर उभा नाही, भाषेत रुजला आहे. वापरायला हरकत नाही.

मात्र अर्थ नीट घ्या. उधारी थकली म्हणून माणूस चारसोबीस होत नाही. पैसे घेतानाच ते न देण्याचं मनात असेल, खोटं सांगून घेतले असतील, तर ती फसवणूक. घेताना मन साफ होतं आणि नंतर जमलं नाही, तर तो दिवाणी मामला. न्यायालयांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. पारोळ्याच्या भाऊंना मी जे ‘निघालं’ आणि ‘काढलं’ यावरून सांगितलं, तेच हे.

ज्याच्याकडे आहे आणि तरी देत नाही त्याला सरकारी भाषेत आता नवी नावं आहेत. बँकांच्या हिशेबात 25 लाख रुपये किंवा त्याहून जास्त थकवून जाणूनबुजून न फेडणारा वेगळा नोंदला जातो. 2018 साली फरार आर्थिक गुन्हेगारांसाठी कायदा झाला, त्याची मर्यादा 100 कोटींची. त्या कायद्याखाली पहिल्यांदा जाहीर झालेलं नाव विजय मल्ल्या यांचं, जानेवारी 2019 मध्ये. मला खटकतं ते हे, की 100 कोटींच्या माणसाला ‘आर्थिक गुन्हेगार’ असा टापटिपीचा शब्द मिळाला आणि सातबाऱ्यावर दीड लाखाचा बोजा असलेल्याला चावडीवर ‘बुडव्या’. कट्ट्यावर पुढच्या वेळी वाद झाला तर हे मांडा.

पुढच्या अंकासाठी मला तुमची मदत हवी आहे. ‘उसनं’ आणि ‘उधार’ यांत आपल्या घरांत अजून फरक पाळतात का, ते कळवा. वाटीभर साखर उसनी, दुकानातली साखर उधार, असं माझ्या आईचं होतं. कर्जाचं ‘नवं-जुनं करणे’, ‘उचल’, ‘बोजा’, ‘हातउसने’ यांसारखे तुमच्या गावातले शब्द, विशेषतः अहिराणी, लेवा आणि पावरी बोलण्यातले, कोण कोणाला कधी म्हणतं यासकट लिहून पाठवा. साक्री, नवापूर, अक्कलकुवा या बाजूनं पत्रं कमी येतात, तिकडच्या वाचकांनी आवर्जून लिहावं.